डावीकडची बाल्कनी

दत्ताराम धुरींना आजवर कोणी महाग वस्तू विकू शकलेलं नाही! हे जोगेश्वरीत सगळ्यांना ठाऊक आहे, कारण धुरींनी ते सगळ्यांना स्वतःच सांगितलेलं आहे. अंधेरीच्या एमआयडीसीत पंप बनवणाऱ्या एका कंपनीच्या खरेदी खात्यात त्यांनी चौतीस वर्षं काढली. समोर बसलेला विक्रेता घामाघूम व्हायचा आणि धुरी खिडकीबाहेरचा कावळा बघत बसायचे. त्यांचा मंत्र एकच. “आपली गरज समोरच्याला कळली, की आपण मेलो!”

हा मंत्र त्यांनी निवृत्तीनंतर बाजारात नेला. कोथिंबीर हवी असली तर धुरी कोथिंबिरीकडे चुकूनसुद्धा बघत नाहीत. दुधीकडे बघतात, वांग्यांना नावं ठेवतात आणि निघता निघता म्हणतात, “ही काय, कोथिंबीर का? दे टाकून एक जुडी.”

अशा माणसाला मुलाने, म्हणजे सर्वेशने, लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला क्रूझचं पॅकेज दिलं. शुक्रवारी संध्याकाळी मुंबईहून निघायचं, शनिवारी सकाळी गोवा, दुपारी परत फिरायचं, रविवारी सकाळी मुंबई. खाणं, सरबतं, एक मालिश, एक फोटो, मासळीच्या खास जेवणाची दोन कुपनं आणि कॅसिनोत फुकट खेळायचं एक कार्ड, सगळं त्यात!

“खोलीला खिडकी आहे?” धुरींनी विचारलं.

“नाहीये, बाबा. आतल्या बाजूची आहे. खिडकीचं पॅकेज डबल होतं.”

धुरी गालात हसले. खिडकी कशी मिळवायची, ते बघू!

जानकीबाईंना मात्र मालिशही नको होतं आणि मासळीही नको होती. त्यांना एकच गोष्ट हवी होती. त्यांचं माहेर निवतीला, अगदी किनाऱ्यावर. वडील परळला गिरणीत होते आणि शिमग्याला बोटीने गावी यायचे. बोट दूर उभी राहायची, पडावातून माणसं किनाऱ्याला यायची. त्या संध्याकाळी आई आणि छोटी जानकी किनाऱ्यावर नारळाच्या झावळांची चूड पेटवून उभ्या राहायच्या. वडील म्हणायचे, “चूड दिसली म्हणजे घर आपली वाट बघतंय!”

“पेटवणारी मी,” जानकीबाई म्हणायच्या. “पण पाण्यातनं ती दिसते कशी, ते एकट्या बाबांनाच ठाऊक.”

बोटी बंद पडल्या, वडील गेले. आता पाठीच्या ऑपरेशनमुळे जानकीबाईंना गावापर्यंतचा गाडी-एस्टीचा प्रवास डॉक्टरांनी बंद केला होता आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचे त्यांचे भाऊ काशीराम गुडघ्यांमुळे मुंबईला येत नव्हते. पण गोव्याहून परतताना ही क्रूझ दिवेलागणीला निवतीसमोरून जाणार, असं सर्वेशने नकाशावर दाखवलं आणि जानकीबाईंनी त्याच मिनिटाला भावाला फोन लावला.

“बाय, मी चूड पेटवतंय!” काशीराम फोनवर ओरडले. “साधी नाय, होळीयेवढी! तू बोटीतसून बघ फक्त!”

त्या दिवसापासून जानकीबाई जोगेश्वरीत नव्हत्याच. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीची भिंत आणि एसीचा डबा. पण त्या कपाळावर हात धरून तिकडे अशा बघत, जणू भिंतीपलीकडे समुद्र हलतोय. फोडणी जळायची. धुरी तशीच आमटी ओरपायचे. रात्री त्यांनाही स्वप्नं पडत. एका स्वप्नात तर ते पांढऱ्या कपड्यांत बोटीचं चाक फिरवत होते आणि मागे जानकी नव्या लुगड्यात उभी होती, सोळा वर्षांची. चाळीस वर्षांत आपण हिला समुद्राकाठी फक्त भेळ खायला नेलं, हे त्यांना पहाटे जागं झाल्यावर फार लागलं. हिला ती चूड नीट, बसून, वाऱ्यात न कुडकुडता दिसली पाहिजे, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. डेकवर तर त्या संध्याकाळी डीजे होता आणि पाठीच्या दुखण्याला तासभर उभं राहणं झेपणार नव्हतं.

म्हणजे बाल्कनीच हवी!

शुक्रवारी बोट समुद्रात शिरली आणि कॅसिनो उघडला. काउंटरवर प्रियंका नावाची मुलगी होती, मुलुंडची. धुरींनी तिला छताकडे बघत बघत सगळं विचारून घेतलं. फुकटच्या कार्डावर मशीन खेळायचं, जितका वेळ खेळाल तितके स्टार जमतात, पाचशे स्टार झाले की रिकामी असेल ती बाल्कनीची खोली मिळते.

“जिंकायला लागतं?”

“नाही, काका. नुसतं खेळायला लागतं.”

धुरींचे डोळे पाणावले. चौतीस वर्षांत असं टेंडर त्यांनी पाहिलं नव्हतं!

“अहो, जुगार?” जानकीबाईंनी पदर तोंडाला लावला.

“जुगार कसला! पैसा आपला नाही, मशीन आपलं नाही. हा ओव्हरटाइम आहे ओव्हरटाइम!”

आणि त्यांनी तो ओव्हरटाइमसारखाच केला. सगळ्यात लहान डाव, दर अर्ध्या मिनिटाला एक बटण, मध्ये लिंबू सरबत. सरबत पॅकेजमध्ये होतं म्हणून सात प्यायले. शेजारची मंडळी जिंकून नाचत होती, हरून कपाळ बडवत होती. धुरी आपले बँकेत पासबुक भरायला आल्यासारखे शांत. जेवणाच्या वेळेपर्यंत पाचशे स्टार झाले!

“अभिनंदन, काका! उजवीकडची बाल्कनी आहे, आठशे चौदा.”

धुरी थबकले. “एक मिनिट.” ते तडक डेकवर गेले, किनारा बघितला आणि परत आले. दिव्यांची लांबच लांब रांग डावीकडे होती!

“किनारा डावीकडे आहे. मला डावीकडची हवी.”

“काका, पण परत येताना ना...”

“पोरी, मी चौतीस वर्षं खरेदीत होतो.”

“हो, पण बोट जेव्हा...”

“डावीकडची कोणाला दिलीस?”

डावीकडची आठशे तेरा नुकतीच श्यामकांत नावाच्या घाटकोपरच्या गृहस्थांना मिळाली होती. ते तिथेच, डोक्यावर गोल टोपी घालून, किल्लीची वाट बघत उभे होते. धुरींनी लगेच छताकडे बघायला सुरुवात केली.

“उजवीकडे वारा काय सुंदर आहे म्हणतात,” ते छताला म्हणाले. “माझं काय, मला वारा सोसत नाही. म्हणून म्हटलं, कोणाला हवी असेल तर...”

“सर्दीचा त्रास?” श्यामकांतांनी विचारलं.

“जुना! वर मालिशचं कुपन देतो. मला गुदगुल्या होतात.”

श्यामकांत थोडा वेळ विचारात पडल्यासारखे दिसले आणि कबूल झाले. धुरी शीळ घालत खोलीत आले.

आता तुम्ही म्हणाल, कोकणातला माणूस आणि एवढं कळू नये? एस्टीत बसताना धुरी कधी चुकले नाहीत. जाताना सावली कुठल्या बाजूला, येताना कुठल्या, सगळं तोंडपाठ! पण एस्टीत असतो बाक. इथे पलंग, कपाट, बेसिन, आरसा, सगळं होतं, आणि जोगेश्वरीच्या खोलीपेक्षा जागा मोठी होती. हे घर होतं! पूर्वेकडे तोंड असलेलं घर कोणी बघता बघता पश्चिमेकडे फिरलेलं पाहिलंय?

त्या रात्री दोघं बाल्कनीत बसले. डावीकडे दिवे सरकत होते, एखादं गाव लुकलुकून मागे पडत होतं. “उद्या असंच,” धुरी म्हणाले, “फक्त त्यातला एक दिवा तुझा.” जानकीबाईंनी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं. असं त्यांनी शेवटचं कधी केलं होतं, ते दोघांनाही आठवेना.

शनिवारी गोव्यात त्या खाली उतरल्यासुद्धा नाहीत. दुपारी साडेतीनला बोट निघाली. पाचला त्यांनी नवी साडी नेसली. गजरा माळला. खुर्ची सरकवून त्या बाल्कनीत बसल्या, शेजारी धुरी बसले, हातात अकरावं सरबत.

समोर नुसतं पाणी. पाण्यावर सोनं पसरलं होतं आणि सूर्य त्यात हळूहळू विरघळत होता. डोळे आपोआप मिटावेत अशी हवा.

“किती छान बुडतोय,” जानकीबाई पुटपुटल्या.

“हं.”

“आमच्या अंगणातून दिसायचा, अगदी तस्साच.”

“हं.”

मग धुरींनी एक डोळा उघडला.

“अंगणातून? म्हणजे अंगणात उभं राहून समुद्राकडे बघितलं की?”

“हो. पश्चिमेला.”

“आणि आपण आत्ता बघतोय ते...”

“पश्चिमेला.”

“मग निवती कुठाय?”

दोघांनी एकदम मान वळवून मागे पाहिलं. मागे पलंग होता. पलंगामागे दार होतं. आणि दारापलीकडे पॅसेज ओलांडून आठशे चौदा!

जानकीबाई रडल्या नाहीत. त्यांनी गजरा नीट केला, पदर सावरला आणि एवढंच म्हणाल्या, “दादा आता झावळा रचत असेल.” हे वाक्य धुरींच्या काळजात सुरीसारखं शिरलं. त्यापेक्षा त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं!

धुरी उठले. एका हातात सरबत तसंच, दुसऱ्या हाताने समोरचं दार बडवायला लागले. श्यामकांतांनी दार उघडलं. डोक्यावर टोपी, पायात बूट. कुठेतरी निघालेले दिसत होते.

“काय हो, काका?”

आणि दत्ताराम धुरींची चौतीस वर्षं त्या पॅसेजच्या गालिच्यावर सांडली.

“बाल्कनी पाहिजे! आत्ताच्या आत्ता! तासभर! हिचा भाऊ किनाऱ्यावर चूड पेटवतोय, हिला दिसायलाच हवी! काय हवं ते मागा!”

श्यामकांतांनी एक हात सावकाश पाठीमागे नेला. दुसऱ्या हाताने टोपी काढली. मग छताकडे पाहिलं.

“तासभर म्हणता? अवघड आहे. मिसेसना विचारायला हवं.”

“मासळीची दोन्ही कुपनं देतो!”

“आम्ही तसे मासे कमीच खातो...”

“फोटोचंही घ्या! उरलेले स्टार घ्या!” धुरींनी गळ्यातलं कार्ड काढून त्यांच्या गळ्यात घातलं. “सरबत घ्या, ह्याचे दोनच घोट प्यायलोय!”

“सरबत राहू द्या,” श्यामकांत उदारपणे म्हणाले आणि बायकोला घेऊन आठशे तेरात गेले.

उजवीकडच्या बाल्कनीत वेगळीच संध्याकाळ होती. इथे सोनं नव्हतं. निळसर, झोपाळू अंधार पाण्यावर उतरत होता आणि पलीकडे डोंगरांची पुसट रेघ. आधी खडकावरच्या दीपस्तंभाचा दिवा लुकलुकला.

“आमचो दिवो!” जानकीबाई लहान मुलीसारख्या ओरडल्या. चाळीस वर्षं मुंबईत राहून त्यांची मालवणी एका दिव्यात परत आली.

मग कितीतरी वेळ काहीच नाही. धुरींनी मनातल्या मनात वेतोबाला नारळ बोलून टाकला. एक नाही, पाच! तेवढ्यात त्या रेघेच्या पायथ्याशी एक लाल ठिपका उमटला. विझल्यासारखा झाला, मग केशरी झाला, वाढला, हलायला लागला.

जानकीबाई उभ्या राहिल्या. कठडा घट्ट धरून त्या बघत राहिल्या. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

“एवढीशी दिसते,” त्या म्हणाल्या. “एवढीशी! आणि बाबा एवढ्याशा चुडीवर वर्षभर राहायचे परळला.”

धुरींनी त्यांचा हात धरला. ठिपका दिसेनासा झाला तरी दोघं तिथेच उभे होते.

रविवारी सकाळी मुंबईच्या धक्क्याला लागता लागता फोनला रेंज आली.

“बोट दिसली गो बाय! दिव्यांची माळच जशी!” काशीरामांचा आवाज सगळ्या नाश्त्याच्या हॉलला ऐकू गेला. “मी पंचो सोडून हलयलंय, तो दिसलो?”

“दिसलो तर!” जानकीबाईंनी बेधडक थाप मारली.

पलीकडच्या टेबलावरून श्यामकांतांच्या पत्नी विमला उठून आल्या आणि त्यांनी जानकीबाईंचा हात हातात घेतला.

“अहो, किती बरं झालं काल काका आले ते! मला ना सूर्यास्तच बघायचा होता. जाताना उजवीकडे बुडाला म्हणून ह्यांनी ती खोली घेतली, येताना बघते तर डावीकडे! मी ह्यांच्या मागे लागले, तुमची खोली तासभर मागून आणा म्हणून. हे टोपी घालून, हातात आमची चार कुपनं घेऊन तुमच्याकडेच निघाले होते, तेवढ्यात काकांनीच दार वाजवलं!”

श्यामकांत एकाग्रतेने इडली बघत होते. धुरी त्यांच्याकडे बघत राहिले.

“नोकरी कुठे होती आपली?”

“विक्रोळीला. कंपनीत.”

“कुठल्या खात्यात?”

श्यामकांतांनी छताकडे पाहिलं. “खरेदी.”

सर्वेश धक्क्यावर न्यायला आला होता. “काय मग, बाबा? पॅकेज वसूल?”

“वसूल म्हणजे! एका तिकिटात दोन बाल्कन्या!” धुरी म्हणाले. जानकीबाई हसल्या, पण काही बोलल्या नाहीत. चाळीस वर्षांत त्यांनी नवऱ्याला एवढ्या प्रेमाने कधी वाचवलं नव्हतं.

घराजवळ आल्यावर त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. घरी कोथिंबीर नव्हती. धुरी उतरले. पण डोळ्यांसमोर अजून तो केशरी ठिपका हलत होता, कानात समुद्र होता, त्यामुळे ते दुधीकडे बघायला विसरले, वांग्यांना नावं ठेवायला विसरले आणि सरळ जुडी उचलून म्हणाले, “छान आहे रे कोथिंबीर! कशी दिलीस?”

भाजीवाला त्यांना पंधरा वर्षं ओळखत होता. त्याने आधी डोळे चोळले. मग असा मोका पुन्हा येणार नाही हे ओळखून त्याने दुप्पट भाव सांगितला.

आणि धुरींनी दिला!