हद्दीचं शेपूट

दूरदेशीच्या सिदामा प्रांतात, डोंगरउतारावर अमारेच नावाच्या शेतकरणीच्या परसात पिकणारी कॉफी नेमकी कुठे पिकते, हे जगाला कळणं अत्यावश्यक झालं होतं. त्यासाठी ‘कॉफी-माग कक्षा’ने गेतू नावाचा अधिकारी धाडला. त्याने फोन धरून परसाच्या कडेकडेने चालायचं, फोनने नकाशा आखायचा, आणि नकाशा मंजूर झाला की अमारेचला विक्रीतला रास्त वाटा मिळायचा.

गेतू कुंपणाशी पोचला तेव्हा शेजारच्या शितायेकाकूंच्या चुलीवर कॉफी उकळत होती. दारावरून जाणाऱ्याला कॉफीला न बोलावणं म्हणजे त्याला हाकलून देणंच.

“अरे साहेबा, पाय मोडलेत का? आत ये की!”

“काकू, मोजणी चालू आहे.”

“राहू दे चालू. तिलाही पाजू.”

गेतू आत गेला. रिवाजाप्रमाणे तीनदा पेला भरला गेला. संध्याकाळी नकाशा उमटला, तर अमारेचच्या परसाला लांबलचक शेपूट फुटून ते थेट काकूंच्या चुलीला टेकलं होतं. एकाच जमिनीवर दोघी पीक दाखवतात, असा निष्कर्ष काढून कक्षाने दोघींचाही माल अडवला. तोडलेली फळं टोपल्यांतच आंबली.

चौकशीला दोन वरिष्ठ आले. तेही आपापले फोन चालू ठेवून घरोघरी कॉफीला बसले. नव्या नकाशात अख्खं गाव एकमेकांच्या परसात घुसलेलं होतं. कक्षाने याला संघटित घुसखोरी म्हटलं.

“गेतूबाबा, झाडं लालेलाल झालीत,” अमारेच काकुळतीला आली. “हे पीक गेलं तर वर्षभर खायचं काय?”

“मावशी, उद्या शेवटची मोजणी. तेवढा वेळ मला कुणी कॉफी विचारू नका.”

काकूंनी ते ऐकलं आणि कपाळाला हात लावला. “माणूस दारावरून जाईल आणि मी तोंड फिरवू? मेले तरी जमायचं नाही!”

काकूंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. म्हणून दुसऱ्या दिवशी गेतू दिसताच अमारेचने काकूंच्या दाराला बाहेरून कडी घातली. आतून काकू हाका मारत राहिल्या. अमारेचला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण गेतू पुढे निघून जाईपर्यंत तिने कडी काढली नाही.

नकाशा निर्मळ आला. माल गेला, वाटाही मिळाला. काकू मात्र तिच्याशी बोलेनाशा झाल्या.

मग कॉफीच्या पाकिटासाठी छायाचित्रकार आला. त्याला शेजारणी एकत्र कॉफी पिताना हव्या होत्या. काकू उंबऱ्याबाहेर आल्या नाहीत, तेव्हा शहरातून एक हसऱ्या चेहऱ्याची बाई भाड्याने आणवली.

तो फोटो तुम्ही पाहिलाय. पाकिटावरचा क्यूआर कोडचा चौकोन फोनने टिपून, “किती साधी, प्रेमळ माणसं!” असं म्हणालातही. तेवढ्यात तुमच्या शेजाऱ्यांनी बेल वाजवली होती. पण दार उघडलं असतं, तर कॉफी गार झाली असती.