उद्या हिरवी बिन

देवधरकाका नव्या माणसाला नाव विचारत नाहीत, पगार विचारत नाहीत, व्हिसासुद्धा विचारत नाहीत. विचारतात, "उद्या कोणती?" मी नागपूरहून नॉटिंगहॅमला आले त्याच आठवड्यात समोरच्या घरातले हे गृहस्थ आले आणि एवढंच विचारून उभे राहिले. मला वाटलं, तिथी विचारतायत. अंदाजानं एकादशी म्हणणार होते. ते म्हणत होते कचऱ्याची बिन. इथे दर गुरुवारी ठरलेल्या रंगाची बिन दाराबाहेर ठेवायची असते.

काका इथल्या चिमुकल्या लोकल टीव्ही स्टेशनात आहेत. स्टेशन म्हणजे कार्पेटच्या दुकानावरच्या दोन खोल्या. मीही शनिवारी तिथे फुकट मदत करते. संध्याकाळी सहाला अर्धा तास आमचा, बाकी सगळा दिवस ज्या मोठ्या नेटवर्कशी करार असेल त्याचा. पहिलं नेटवर्क जुने सिनेमे दाखवायचं. ते गेलं आणि दिवसभर कढया विकणारं आलं. मग कुस्त्यांचं. प्रत्येक जण येताना नवा लोगो आणि चहाचे नवे मग आणायचा, आणि आमच्या अर्ध्या तासातलं काहीतरी उडवायचा. रेसिपी गेली, शाळांचे सामने गेले. काकांचे बुधवारचे शेवटचे तीस सेकंद तेवढे टिकले. टाय लावून, रंगीत पुठ्ठा छातीशी धरून ते त्यांच्या पुणेरी इंग्रजीत सांगायचे, उद्या हिरवी बिन, आणि शेजाऱ्याची बाहेर दिसली नाही तर बेल वाजवा.

"नेटवर्क काय, येतं नि जातं," कुस्तीवाल्यांच्या मगमधून चहाचा भुरका मारत म्हणायचे. "कचरा कुठे जातोय?"

एकदा काकांनी पुठ्ठा उलटा धरला. मागची बाजू ब्राउन. झालं! तीन गल्ल्यांनी ब्राउन बिन बाहेर काढल्या, हिरव्या बिन न्यायला आलेली कौन्सिलची कचऱ्याची लॉरी आली तशी निघून गेली. आमचे मॅनेजर पॉल डोकं धरून बसले. काका दारोदार माफी मागून आले ते फुलून.

"पाहतात गं, मृणाल! मला वाटायचं, मी भिंतीशी बोलतो."

यंदा चौथं नेटवर्क आलं आणि त्यांनी अर्धा तासच रद्द केला. त्यांची एक बाई मीटिंगमध्ये गोड हसून म्हणाली, "बिनचं हल्ली फोनवर कळतं. हे पाहतं कोण?"

काकांनी पुठ्ठा काखेत मारला आणि ते उठले. मीही त्यांच्यामागे निघाले.

जिना उतरताना बोलले. "माझ्या शेजारी हॅरी म्हणून एकटे गृहस्थ राहायचे. एका गुरुवारी त्यांची बिन आत होती. मी पाहिली. म्हटलं, विसरले असतील, आणि बस पकडली. ते किचनमध्ये पडले होते गं. शनिवारी कळलं. तोवर गेले होते." दोन पायऱ्या उतरून थांबले. "आता गल्लीत एकटा म्हातारा मीच."

पुढच्या बुधवारी काका टीव्हीवर नव्हते. गुरुवारी सकाळी मी ऑफिसला निघाले तर समोर काकांच्या दाराबाहेर बिन नाही. बॅग तिथेच टाकली आणि रस्ता ओलांडून पळाले. दाराशी माझ्याआधीच दोघं हजर. शेजारच्या मार्गारेटबाई स्लिपर्समध्ये, आणि कोपऱ्यावरचा प्लंबर हातात पाना घेऊन, दार तोडायच्या तयारीत. मी बेलवरचं बोट काढेना.

दार उघडलं. काका टाय लावून उभे, धडधाकट. मागे हॉलमध्ये हिरवी बिन.

"काका, काय करून राहिले तुम्ही? जीव गेला ना आमचा! विसरले?"

"मी? बिन विसरेन?" त्यांनी आमच्याकडे एकेक करून पाहिलं. "मुद्दाम ठेवली आत. म्हटलं, बघू कोणी येतं का."

मी चांगली फैलावर घेणार होते त्यांना. तेवढ्यात कोपऱ्यावर लॉरीचा आवाज आला. मार्गारेटबाई सरळ आत शिरल्या आणि बिन ओढत बाहेर निघाल्या.

काकांनी टायच्या टोकानं डोळे पुसले.

"पॉलला सांग," म्हणाले, "तीन जण पाहतात."