अंबाड्यातला टेस्टर

आमच्या समोरच्या शांताक्का अंबाड्यात टेस्टर खोचतात. वायरमनच्या खिशाला असतो तसलाच, पिवळ्या मुठीचा. जुळे सोलापूरला राहायला आलो तेव्हा मला तो नव्या तऱ्हेचा आकडा वाटला होता. कुठून घेतला म्हणून मी कौतुकानं विचारलं, तर त्यांनी तो उपसून माझ्या फ्रिजच्या दाराला लावला, टेस्टरमधला दिवा पेटत नाही याची खात्री केली आणि मगच चहाला टेकल्या.

बाई सत्तरीच्या, ठेंगण्या, पायात घरातसुद्धा रबरी चप्पल. लोक भेटल्यावर जेवण झालं का विचारतात, अक्का विचारतात, "पिन काढली का?" मी मंगळवेढ्याला बहिणीकडे गेले तरी त्यांचा फोन येतो आणि माझ्या तब्येतीआधी गिझरची चौकशी होते. लग्न होऊन मंद्रूपला आल्या त्याच आठवड्यात, ओलं लुगडं वाळत घालताना तारेत उतरलेल्या करंटनं त्यांना अंगणात फेकलं होतं. "तवापासून आदी तपासते, मग हात लावते," असं त्या सांगतात.

थंडीत त्यांचं काम वाढतं. महिला मंडळाला आम्ही सिंथेटिक साड्या नेसून प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसतो. हवा कोरडी, त्यामुळे उठून एकमेकींना हात लावला की चटका बसायचा. अक्कांनी नियमच घालून दिला की उठल्याबरोबर भिंतीला तळवा टेकायचा, मग माणसाला हात लावायचा. आता सभा संपली की दहा-बारा बायका भिंत धरून उभ्या असतात. बघणाऱ्यांना काय वाटायचं ते वाटो, चटके बंद झाले.

तरी पल्लवीच्या, म्हणजे माझ्या मुलीच्या, डोहाळजेवणाला अक्कांना बोलवताना मी जरा कचरले. शेजारच्या वास्तुशांतीत त्यांनी मेन स्विचच बंद केला होता आणि गुरुजी अर्धा तास घामानं निथळत बसले होते. बोलावलं मी, पण ओटी भरणाऱ्या बायकांच्या यादीत त्यांचं नाव घातलं नाही. त्यांचे यजमान लग्नानंतर सहाव्या वर्षीच गेले. असली नावं यादीत नको, असं कुणी तोंडानं म्हणत नाही. ती नुसती सुचत नाहीत. मीही ते नाव सुचू दिलं नाही.

डोहाळजेवणाच्या दिवशी एप्रिलचं ऊन, वर हॉलला पत्रे. भाड्यानं आणलेला भला मोठा लोखंडी कूलर फुलांनी सजवलेल्या झोपाळ्यामागे घरघरत होता आणि त्याचं पाणी गळून झोपाळ्याखाली थारोळं साचलं होतं. हिरवी साडी नेसलेली पल्लवी अनवाणी झोपाळ्याकडे निघाली. दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीवरून अक्का उठल्या.

"पल्लवी, हितंच थांब."

आवाज चढलेला नव्हता, पण पोरगी जागच्या जागी थांबली. माझ्या नणंदेनं कपाळाला हात लावला. अक्का सगळ्यांमधून सरळ चालत गेल्या, अंबाड्यातून टेस्टर काढला आणि कूलरच्या पत्र्याला टेकवला. आतला दिवा लालभडक पेटला.

कूलरवाला म्हणाला, लोखंडी कूलरला थोड्या मुंग्या येतातच, एवढं काही नसतं. अक्कांनी बटण बंद केलं, प्लग उपसला आणि सगळ्यांना दिसेल असा वर धरला. त्याला दोनच पिना होत्या. तिसरी, अर्थिंगची जाडी पिन, हॉलच्या सॉकेटमध्ये बसेना म्हणून त्यानं कापून टाकली होती. मागे पंपाची वायर सोलवटून पत्र्याला टेकली होती.

"हीच पिन मानूस वाचिवती," अक्का म्हणाल्या. "तीच कापली व्हय?"

तो मान खाली घालून कूलर ढकलत बाहेर घेऊन गेला. माझं लक्ष थारोळ्यावरून पल्लवीच्या पावलांवर गेलं, दोन हातांचं अंतर होतं.

मग काय विचारता! पुढचा सगळा कार्यक्रम हातपंख्यांवर झाला आणि एकीनंही उकडतंय म्हणून तक्रार केली नाही. आजवर त्यांना हसणाऱ्या बायका अक्कांना घेऊन हॉलभर फिरल्या. फ्रिज तपासून झाला, पाण्याची मोटर झाली. मघाशी कपाळाला हात लावणारी माझी नणंद त्यांच्यामागून दोन्ही हातांत चपला घेऊन चालली होती, आणि अनवाणी बाई दिसली की तिच्यापुढे जोड ठेवत होती. अक्का पुढे, गड जिंकल्यासारख्या.

झोपाळा कोरड्या जागी सरकवला. पल्लवी बसली आणि म्हणाली, "पहिली ओटी अक्काआजी भरतील."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी माझंच ताट उचललं आणि अक्कांपुढे धरलं.

"मला न्हाय चालत गं," अक्का म्हणाल्या आणि मागे सरकल्या. पल्लवी पदर पसरून बसून राहिली.

बऱ्याच वेळानं अक्का पुढे आल्या. नारळ ठेवला, खण ठेवला. गव्हाच्या ताटाशी मात्र त्यांचा हात अडला. माझ्याकडे झुकून त्या हळूच म्हणाल्या, "लई वर्सं झाली. किती मुठी घालायच्या गं, सुनंदा?"

मी पाच म्हणाले. त्यांनी एकेक मोजून घातली, आणि पाचवी घातल्यावरही त्या पदरावर हात ठेवून तशाच उभ्या राहिल्या.