चार जातींच्या बकऱ्या आणि एक स्थळ

बकऱ्यांचं म्हणाल, तर आमच्या भागात माझ्याइतकी माहिती असलेला माणूस शोधून दाखवा! जमनापारी दुधासाठी, उस्मानाबादी जुळ्या पिल्लांसाठी, सिरोही मटनासाठी आणि बारबरी घरच्या घरी पाळण्यासाठी. झोपेतून उठवा, धडाधडा सांगतो. पंचायतीच्या हॉलमध्ये शेळीपालनाचं प्रशिक्षण झालं, तेव्हा मी जेवण होईपर्यंत तिथे बसलो होतो. आता आमच्या स्वतःच्या कोठ्यात बकरी एकच, तीही गावठी, ही गोष्ट वेगळी. ज्ञानाचा आणि कोठ्याचा काय संबंध?

पण हे ज्ञान अंगाशी आलं ते आमच्या प्रणितच्या सोयरिकीत. पोरगा गुणाचा, धानाची शेती झकास करतो. पण शेती करतो म्हटलं की मुलीवाले अर्धा चहा टाकून उठतात. तिशी उलटली. त्याची आई, म्हणजे आमची सुगंधाबाई, मार्कंड्याच्या जत्रेत गेली तरी देवाजवळ सुनेशिवाय काही मागत नव्हती. अशात सिंदेवाहीकडचं स्थळ आलं. मुलीचं नाव दिव्यानी. तिला पाहून परत निघालो, तर प्रणितनं रोजच्या ओळखीच्या रस्त्यावर गाडी भलत्याच फाट्याला वळवली. म्हणजे समजून घ्या.

मुलीचे वडील सूर्यभानजी. त्यांच्या घरी जेवताना ते म्हणाले होते, नुसत्या धानावर आजकाल भागत नाही, जोडधंदा पाहिजे.

"हाय ना जी," मी बोलून गेलो. "चार जातीच्या बकऱ्या हायत आमच्या कोठ्यात. तुम्ही घर पाहाले याच."

प्रणितला ठसका लागला. सुगंधाबाईनं माझ्याकडे असं पाहिलं, की हातातला लाडू मी परत ताटात ठेवला.

आमच्याकडे रीतच आहे, मुलगी पसंत पडली की मुलीकडचे मुलाचं घर पाहायला येतात. घर म्हणजे विहीर, चूल, कोठा, सगळं. शनिवारी सकाळी येतो म्हणून त्यांचा निरोप आला आणि मी गाव पालथं घातलं. शेजारच्या करिष्माची पांढरी बकरी मागितली, ती जमनापारी. झाडूबुढ्याची तांबडी, ती सिरोही. एकाची काळी, ती उस्मानाबादी. एकाची बुटकी, ती बारबरी. गावच्या बकऱ्या रोज लालसू जंगलात चरायला नेतो. त्या दिवशी एवढ्या चार त्याच्या कळपात सोडू नका, दुपारच्या आत परत देतो, असं सगळ्यांना सांगितलं. गाव चांगलं आहे. प्रणितचं जमावं असं सगळ्यांनाच वाटत होतं. करिष्मा तेवढी कुरकुरली. पिल्लं लहान आहेत, दुपारी पाजायला बकरी पाहिजेच, म्हणाली.

बकऱ्या बांधायला गेलो, तर प्रशिक्षणातलं आठवलं: आधुनिक कोठ्यात दावं नसतं, बकऱ्या मोकळ्या फिरतात. मग सगळी दावी काढून टाकली आणि बांबूचं फाटक लावून घेतलं. प्रणित मागे उभा होता.

"बाबा, खरं सांगून टाकू ना. एक हाय त एक हाय."

"तू चूप राह्य. खरं सांगून आजपर्यंत किती पोरी भेटल्या तुले?"

तो खाली मान घालून निघून गेला. मला वाईट वाटलं, पण आता माघार कशी घ्यायची?

सकाळचे पाहुणे दुपारीही आले नाहीत. वाटेत रस्त्यावर वाघ बसला होता म्हणे, दोन्हीकडच्या गाड्या थांबलेल्या. वाघाला काय, त्याला कुणाचं घर पाहायचं नव्हतं! पाहुणे आले ते उन्हं कलल्यावर, आणि आल्याबरोबर सूर्यभानजी सरळ कोठ्यात. मागून दिव्यानी. मी जमनापारीपासून सुरुवात केली. उत्तरेकडची जात, दूध भरपूर, कान हे एवढे लांब लोंबते.

"पण हिचे कान त उभे दिसून राह्यले," दिव्यानी म्हणाली.

"तुम्ही पाव्हणे आले ना, म्हणून ऐकून राह्यली ते."

दिव्यानीनं ओढणी तोंडाला लावली. मला वाटलं, कोठ्यातली धूळ सहन होत नसेल.

तेवढ्यात करिष्मा फाटकाशी हजर. पिल्लं ओरडून राह्यली, माझी बकरी द्या, म्हणायला लागली. दुधाचं गिऱ्हाईक आहे, फार घाई करते, असं मी पाहुण्यांना समजावलं. करिष्मा बिचारी माझ्या तोंडाकडे बघत राहिली. सूर्यभानजी मात्र खूष झाले. मग त्यांनी सिरोहीच्या पाठीवर हात फिरवला, तर ओट्यावर बसलेला झाडूबुढा तिथूनच ओरडला, की तिचा मागचा पाय दुखते, सांभाळून जी. तो आमचा गडी आहे, असं मी सांगून टाकलं. वास्तविक झाडूबुढ्याची जमीन माझ्यापेक्षा जास्त. तो लालबुंद झाला. पण प्रणितकडे पाहून त्यानं राग गिळला.

सूर्यभानजींनी चहाचा कप तोंडाला लावला. "कोठा पाहून मन भरलं जी," म्हणाले. सुगंधाबाईनं डोळे मिटून हात जोडले, आणि नेमका तेव्हाच लालसूचा कळप वेशीतून आत आला.

सांजेला आमच्या गावात बकऱ्या हाकाव्या लागत नाहीत. कळप वेशीत आला की जी ती आपलं घर ओळखून पळत सुटते. घराघरांतून पिल्लं ओरडतात, गळ्यातल्या घंट्या वाजतात, एकच गोंधळ. हे मला जन्मापासून माहीत आहे. त्या दिवशी तेवढंच विसरलो.

पहिली धडक जमनापारीनं दिली. फाटक आडवं! सूर्यभानजी नेमके समोर. बारबरी त्यांच्या पायांतून गेली, उस्मानाबादी बाजूनं गेली आणि चहा त्यांच्या पांढऱ्या शर्टावर गेला. जमनापारी करिष्माच्या दारात शिरली. सिरोही लंगडत निघाली, आणि आमचा 'गडी' उठून, "चाल माय, चाल घरी," म्हणत तिच्या मागे गेला. बघता बघता कोठा रिकामा झाला. उरली आमची एकटी गावठी. ती निवांत रवंथ करत होती, कारण तिचं घर तेच होतं.

सांजेला यांना फिरायला सोडतो, असं सांगायला मी तोंड उघडलं.

"आता एक शब्द बोलले त पाहा," सुगंधाबाई म्हणाली.

प्रणित पुढे आला. "काकाजी, आमची एवढी एकच बकरी हाय. बाकीच्या गावच्या. धान मात्र आमचंच हाय, बांधावर चालून पाहा. फसवलं, माफ करा."

इतक्या वर्षांनी आलेलं स्थळ मी माझ्या जिभेनं घालवलं होतं. माझ्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

दिव्यानी आमच्या बकरीजवळ जाऊन बसली. तिच्या पाठीवरच्या काळ्या रेघेवरून बोट फिरवलं.

"हे गावठी नाई, बेरारी हाय. आपल्या विदर्भाचीच जात," ती म्हणाली. मग वडिलांकडे वळली. "बाबा, कान पाहूनच मले समजलं होतं. पण पोरगा खोटा नाई. मले चालते."

सूर्यभानजींनी शर्ट झटकला, रिकाम्या कोठ्याकडे पाहिलं आणि पोट धरून हसत सुटले.

लग्न थाटात झालं. सूनबाई गुणाची, घर भरलं, सुगंधाबाईचा देव पावला. फक्त आंदणात सूर्यभानजींनी टेम्पो भरून बकऱ्या पाठवल्या: खऱ्या जमनापारी, खऱ्या उस्मानाबादी, सिरोही, बारबरी. नानाजींनाच, म्हणजे मलाच, यांचं कळते, म्हणून त्यांच्याच हवाली करा, असा निरोप सोबत. तेव्हापासून पहाटे उठून चारा कापतो, लेंड्या झाडतो, दूध काढताना लाथा खातो. कंबर पार मोडली आहे.

म्हणून आता रोज सांजेला, लालसूचा कळप यायच्या वेळेला, मी फाटक मुद्दाम सताड उघडं ठेवतो. एक बकरी जाईल तर शपथ!