हाकाऱ्याचा वाटा

किसनतात्या रानडुकराला डुक्कर म्हणत नाहीत, मामा म्हणतात. नाव घेतलं की जनावर दारात येतं, असं त्यांचं ठाम मत आहे. मला हे कुठलं माहीत असायला? मी अकोल्याचा. उरवड्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो आणि माले गावात तात्यांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहतो. पहिल्याच आठवड्यात तात्या सकाळी म्हणाले, "रातच्याला मामा येऊन गेलं." मी आपलं सौजन्य म्हणून विचारलं, "मामी नाही आल्या?"

तात्यांनी मला रताळ्याच्या वाफ्यापाशी नेलं. वाफा नांगरल्यासारखा उकरलेला. चिखलातल्या खुरांच्या ठशांकडे बोट करून ते म्हणाले, "आल्यात की. पोरंबाळं बी आनल्यात." त्या दिवसापासून त्यांनी माझं नाव टाकून दिलं. मला ते नुसतं "अकोला" म्हणतात.

तात्या जनावर ओळखतात चालीवरून, आणि माणूसही तसाच. "त्वांड खोटं बोलतं, चाल न्हाई," हे त्यांचं वचन. माझी चाल बघून त्यांनी निदान केलं होतं, "बसून खानारं हाय." मलाही ही विद्या शिकवायचा त्यांनी एकदा प्रयत्न केला. बांधापलीकडे काळं, केसाळ काहीतरी हललं. मी "मामा" म्हणालो आणि जांभळीवर चढलो. घोंगडं पांघरून गवत काढत बसलेल्या शेजारच्या कमळाकाकू होत्या त्या. त्या अजून माझ्याशी बोलत नाहीत.

तरुणपणी तात्या शिकारीला जात. मांडीवर सुळ्याने फाडल्याची वीतभर खूण आहे. कायदा कळल्यापासून शिकार बंद; भाल्याला आता कपडे वाळत घालायची दोरी बांधलेली असते. पण गोष्टी चालू. आणि प्रत्येक गोष्ट संपायची वाट्यांवर. मारणाऱ्याचा वाटा, आरडाओरडा करून जनावर उठवणाऱ्या हाकाऱ्यांचा वाटा, कुत्र्यांचाही वाटा. "हाक्याला आला त्येला वाटा, घरी बसला त्येला वास." एकदा मी म्हटलं, आमच्यासारख्या भाडेकरूला काय? तात्या म्हणाले, "तुला धूर."

तात्यांचा मुलगा संदीप अमेरिकेत, ॲरिझोनाच्या वाळवंटात नोकरीला. एकटाच असतो. आई वारली तेव्हा येऊन गेला, त्यानंतर नाही. तात्यांचा फोन साधा, बटणांचा, म्हणून संदीप माझ्या फोनवर दिसतो. बापलेकांना बोलायला फार काही नसायचं. "जेवलास?" "जेवलो." मग दोघंही माझ्याकडे बघायचे. एके दिवशी संदीपने अंगणात आलेला एक कळप दाखवला. करडी, राठ केसांची, बुटकी जनावरं काटेरी निवडुंग शिरा खाल्ल्यासारखा खात होती. तिकडे त्यांना हॅवेलिना म्हणतात. तात्या फोनला नाक लावून म्हणाले, "शेपूट कुटाय? हा मामा न्हवं. मामाचं लांबचं पावनं आसंल." तेव्हापासून तात्या रोज विचारायला लागले, "पावनं आलं का, इचार." पाहुण्यांच्या निमित्ताने संदीप रोज दिसायला लागला.

मग माघात एकदा तो म्हणाला, हाफिसातली माणसं परवाने काढून पाहुण्यांच्या शिकारीला चालली आहेत, मलाही नेतायत.

तात्यांचा हात मांडीकडे गेला. "वारं तोंडावर घे. जखमी जनावराच्या मागं जाऊ नगं. आन् झाड धरून उभा ऱ्हा."

"तात्या, हितं झाडं न्हाईत. समदं निवडुंग हाय."

"मग चढायचं कशावर?"

तात्या आठवडाभर तोच प्रश्न मला विचारत राहिले. त्यातून त्यांनी विचारलं, जनावर केवढं असतं? मी कानावर पडलं तसं नाव लिहून इंटरनेटवर शोधलं आणि मिळालं ते भक्तिभावाने वाचून दाखवलं. चार मण वजन, माणूस उभा फाडतं. तात्या न जेवता उठले.

शिकारीचा दिवस आला. आपली संध्याकाळ ती त्यांची सकाळ. तात्या ओट्यावर भाल्याशेजारी बसले. दोरी सोडलेली होती. "लाव फोन." लावला. वाजून वाजून थांबला. "परत लाव." परत तेच. मधल्या वेळात मी पुन्हा शोधलं, आणि कळलं की त्या नावाची सुरुवात 'ह'ने नाही, 'ज'ने लिहितात. मी वाचलं होतं ते भलतंच जनावर. पाहुणा कुत्र्याएवढाच निघाला. तसं तात्यांना सांगितलं. ते म्हणाले, "आता धीर देतुयास." आणि पुन्हा, "लाव." अंधार पडला. कमळाकाकूसुद्धा बांधावर येऊन उभ्या राहिल्या. तात्यांचा अंगठा भाल्याच्या काठीवर एकसारखा फिरत होता. माझी बॅटरी लाल झाली आणि फोन वाजला.

संदीप होता. धुळीने माखलेला.

"लागलं का?" तात्यांनी विचारलं.

"न्हाई, तात्या."

"त्वांड नगं दावू. चालून दाव."

संदीपने फोन कुणाच्या तरी हातात दिला आणि वाळूत चालत गेला, चालत आला. तात्यांनी भाला उचलून कोपऱ्यात ठेवला आणि ते आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी संदीपचा फोन आला. त्याच्याकडे रात्रीच्या जेवणाची वेळ. गॅसवर पातेलं. तात्यांनी चौकशी केली. पाहुण्याच्या पाठीवर वासाची गाठ असते म्हणे. ती कातड्याबरोबर काढली का? तो हात मटणाला लावला नाही ना? सगळं नीट झालं होतं. मग तात्या म्हणाले, "बरं, खा. आमी घरी बसनारं. आमाला वास."

"घरी कुटं?" संदीप म्हणाला. "आमी दबा धरून बसलेलो, आन् माझ्या खिशात फोन वाजाय लागला. सायेब डोळं वटारतोय, मला फोन घावंना. तेवढ्यात निवडुंगातनं कळप उठला आन् सायबाच्या म्होरं गेला. त्यानं एक पाडलं. समद्यास्नी सांगितलं म्यां, हाका माझ्या बानं घातलाय." त्याने फोन फिरवला. टेबलावर दोन ताटं वाढलेली होती. "ह्यो हाकाऱ्याचा वाटा."

तात्या आत गेले, परातीत भाकरी आणि कांदा घेऊन आले, फोन तांब्याला टेकवून ठेवला आणि समोर मांडी घातली. तिकडे घास उचलला की इकडे उचलायचा. माझी कंपनीची बस रस्त्यावर हॉर्न देऊन निघून गेली.

"अकोला," स्क्रीनवरची नजर न काढता तात्या म्हणाले, जणू पोराला ऐकूच जात नव्हतं, "त्येला सांग, हळू खा म्हनावं. बारकी हाडं असत्यात."