भेगेचे अकराशे फोटो

सासऱ्यांचा कॉम्प्युटर सुरू व्हायला अकरा मिनिटं लागत. ते बटण दाबत, दाढी करत, आंघोळ उरकत आणि खुर्चीत येऊन बसत, तरी पडद्यावरचं चक्र आपलं गरगरतच असे. गेल्या महिन्यात वरच्या मजल्यावरच्या काकांना त्यांनी पुरावा बघायला बोलावलं. काकांनी चहा संपवला, पेपर वाचला आणि "उघडला की हाक मारा" म्हणून निघून गेले.

पुरावा म्हणजे बैठकीच्या खोलीतल्या भेगेचे फोटो. काका रोज सकाळी दोरीवरच्या उड्या मारतात, त्यानेच आपली भिंत तडकली, असं सासऱ्यांचं ठाम मत. साबणाच्या कारखान्यात तीस वर्षं माल तपासून पास-नापास केलेला माणूस तो, नुसत्या बोलण्यावर कसा थांबणार? रोज आठ वाजता, एकाच फरशीवर उभं राहून ते भेगेचा फोटो काढत, कॉम्प्युटरवर उतरवत आणि कॅमेरा कोरा करून ठेवत. अशी तीन वर्षं झाली. उद्या सकाळी दहाला काका आणि इमारतीचे सेक्रेटरी, दोघंही यायचे होते. भिंत कोणी दुरुस्त करायची आणि उड्या बंद व्हायच्या की नाही, याचा निकाल उद्याच लागणार होता.

"बाबा, मी करून देते ना फास्ट," सून म्हणाली.

तिच्याकडे कॉम्प्युटरची पदवी होती. पण मुलगी झाल्यापासून त्या पदवीचा उपयोग मोबाइलवर गाणं लावून घास भरवण्यापुरताच उरला होता.

"त्यातलं काही जायला नको हां."

"नाही हो, बाबा. शिकलेय मी हे."

दुपारी मुलगी झोपल्याबरोबर तिने पदर खोचला. कॉम्प्युटरचा डबा उघडून गालांना रंग लावायच्या ब्रशने आतली धूळ काढली, तर एक छोटी उशी भरेल एवढी निघाली. मशीन सुरू होताना आपोआप उठून बसणारे चौदा प्रोग्राम बंद केले. त्यात व्हायरस पकडणारे तीन होते आणि तिघंही एकमेकांवरच संशय घेत बसले होते. अकरा मिनिटांची चार झाली, चाराची दोन. तिला हुरूप चढला, आणि इथेच घात झाला. सारखे दिसणारे फोटो शोधणारा एक प्रोग्राम तिने उतरवला. त्याने अदबीने विचारलं, अकराशे छत्तीस फोटो सारखे आहेत, सर्वांत जुना ठेवून बाकीचे काढू का?

तिला वाटलं, आपल्या मुलीचे असणार. एका जांभईचे चाळीस फोटो काढणारी आई ती. तिने "हो" म्हटलं. केर काढून दाराआड ठेवणाऱ्यातली ती नसल्यामुळे लगेच कचरापेटीही रिकामी केली.

मग सहज ‘पुरावा’ नावाचं फोल्डर उघडलं. यादीत एकच ओळ होती, तीन वर्षांपूर्वीच्या तारखेची. ती ओळ उघडून बघायचाही तिला धीर झाला नाही. तिने नवऱ्याला ऑफिसात फोन लावला.

"बाबांच्या फोटोंची दुसरी प्रत कुठे असते रे?"

"कसली प्रत? पेनड्राइव्ह हरवतो म्हणून ते घेतच नाहीत."

"आणि समजा, कचरापेटीतूनही गेलं तर?"

"काय केलंस?"

"काही नाही. सहज विचारलं."

"असं सहज कोणी विचारत नाही."

तिने फोन ठेवला. गेलेले फोटो परत आणून देणाऱ्या प्रोग्रामने तासभर डिस्क उकरली आणि केव्हाच भंगारात गेलेल्या प्रिंटरचं माहितीपत्रक तेवढं आणून दिलं.

आता एकच वाट उरली होती. कॉम्प्युटर पुन्हा पहिल्यासारखा रखडला, तर उद्याही काका चहा पिऊन निघून जातील. बंद केलेले चौदाच्या चौदा प्रोग्राम तिने परत चालू केले, वर आणखी पाच घातले. पण धूळ निघालेलं ते मशीन आता काही केल्या रेंगाळायला तयार नव्हतं. ब्रशला चिकटलेली धूळ परत आत टाकावी, असंही तिच्या मनात येऊन गेलं. तिची तिलाच लाज वाटली.

संध्याकाळी जेवताना सासरे म्हणाले, "मी उगाच बाहेरचा माणूस बोलावणार होतो. घरात एवढी हुशार मुलगी असताना."

तिने हातातला घास ताटात ठेवला. "बाबा..."

"मीठ हवंय?"

"हो," ती म्हणाली आणि नीट मीठ असलेल्या भाजीवर आणखी मीठ घालून तिने ती निमूट संपवली.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांच्या तयारीत सासऱ्यांचा आठचा फोटो राहूनच गेला. दहाला पाहुणे टेकले. सासऱ्यांनी बटण दाबलं आणि काकांनी कप उचलायच्या आत पडदा उजळला.

"सूनबाईंची करामत," सासरे म्हणाले. सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात, मुलीला ढालीसारखी छातीशी धरून उभी होती.

फोल्डर उघडलं. सासऱ्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. "एकच कसा?"

"एक तर एक," सेक्रेटरी म्हणाले. "दाखवा."

फोटो उघडला. भेग होती, चांगली हातभर. तिच्या वरच्या टोकाला, बरोबर जिथून ती सुरू होत होती तिथे, बोटाएवढा जाड खिळा अर्धवट ठोकलेला होता. खाली स्टूल, स्टुलावर हातोडा, आणि भिंतीला टेकवून ठेवलेलं सासऱ्यांचं निवृत्तीचं, फ्रेम केलेलं मानपत्र.

सेक्रेटरी खुर्ची ओढून पडद्याजवळ सरकले.

"हातोडा माझा नाही," काका शांतपणे म्हणाले.

सेक्रेटरींनी फोटो बघितला, भिंत बघितली. "मानपत्र मग कुठे लावलंत?"

"आतल्या खोलीत," सासरे म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "माल नापास," असं काहीतरी ते पुटपुटले. काकांनी या वेळी चहा सावकाश, चवीने घेतला.

दार लागल्यावर तिच्याने राहवेना. "बाबा, बाकीचे फोटो माझ्याकडून पुसले गेले. अकराशे पस्तीस. काल सांगायचं धाडस झालं नाही."

सासरे पडद्यावरच्या खिळ्याकडे बघत राहिले.

"आणि हा एक ठेवलास."

"हो."

"काम हातात घेतलं की पुरतं करावं, सूनबाई," ते म्हणाले आणि भेग बुजवायला पुट्टी कुठे मिळते ते विचारायला चपला घालून बाहेर पडले.