दीड काडी

आळेफाट्यावर गॅरेजांची जी रांग आहे, तिच्या शेवटी इस्माईल मिस्त्रींचा लोखंड कातायचा लेथ आहे. मिस्त्रींच्या दुकानात मोजपट्टी नाही. ते सगळी मापं आगकाडीनं घेतात. बिडी त्यांनी जन्मात ओढली नाही, पण शर्टाच्या खिशात काडेपेटी कायम. पहिल्या भेटीत त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "एकोणचाळीस काड्या. बसा, सर."

मी तेव्हा जवळच्या एका अभियांत्रिकी कॉलेजात मापनशास्त्र शिकवत होतो. त्यामुळे मला हसू आलं. ते हसू पुढं मला फार महागात पडलं.

मिस्त्रींचं दुसरं वेड म्हणजे शिकवणं. समोरचा गॅरेजवाला, म्हणजे त्यांचाच स्पर्धक, एखादी युक्ती विचारायला आला की मिस्त्री हातातलं काम टाकून त्याला साग्रसंगीत समजावत. वर चहा पाजत. बायको आतून ओरडे, की आता गिऱ्हाईकं पण त्यालाच नेऊन द्या. मिस्त्रींचं उत्तर ठरलेलं असे, "झाकलेला इलम गंजतो."

मी त्यांच्याकडं गेलो तो फजिती घेऊनच. नारायणगावजवळच्या एका सॉस बनवणाऱ्या कंपनीनं आमच्या कॉलेजशी करार केला होता. टोमॅटो आकारानुसार वेगळे करणारं यंत्र आम्ही बनवायचं, ते कंपनीनं वापरायचं. ज्ञान आणि उद्योग यांचा संगम वगैरे मी भाषणात म्हणालो. शाली झाल्या, नारळ झाले. मग चाचणीच्या दिवशी आमच्या यंत्रानं तीन क्रेट टोमॅटोंचा लगदा केला. कंपनीचे मॅनेजर शांतपणे म्हणाले, "सर, सॉस आम्ही करतोच. तुम्ही फक्त निवडायचं होतं."

ते यंत्र टेंपोत घालून मी मिस्त्रींकडं आणलं. त्यांनी ते दोनदा फिरवून पाहिलं.

"सर, तुमी टमाटं ढकलताय," ते म्हणाले. "त्याला ढकलू नका, वाट द्या. आपलं आपण जाईल."

त्यांनी दोन पाइप उतरते लावले. वरच्या टोकाला जवळ, खाली येता येता फाकलेले. पाइपांवर सायकलची जुनी ट्यूब चढवली. टोमॅटो घरंगळत आले. बारके आधी पडले, मोठे शेवटी. एकाला ओरखडा नाही. खालच्या टोकाचं अंतर होतं दीड काडी.

त्यानंतर मी दर गुरुवारी जाऊ लागलो. गुरुवारी वीज नसे, लेथ बंद, मिस्त्री मोकळे. माझी कंबर दुखते म्हणून त्यांनी मला बेताच्या उंचीचं स्टूल करून दिलं. मी विचारायचो, उतार इतकाच का? ट्यूब जुनीच का? मिस्त्री खुलायचे. जुनी ट्यूब मऊ झालेली असते, नवी टमाट्याला चिकटते, असं तासभर सांगायचे. मी वहीत उतरवायचो.

वहीचा शोधनिबंध झाला. दीड काडीला मी व्हर्निअर लावून चौसष्ट पूर्णांक चार मिलिमीटर असं लिहिलं. तपासणाऱ्यांनी माझ्या अचूकतेची स्तुती केली. मग पेटंटचा अर्ज आला. त्यात नावं लिहिली ती माझं, आमच्या प्राचार्यांचं आणि कंपनीच्या संचालकांचं. जागा कमी पडली असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं असं, की रकाने पाच होते. दोन रिकामे राहिले. चौथी शिकलेल्या माणसाचं नाव माझ्या नावाखाली आलं, तर लोक मला काय म्हणतील, एवढाच माझा हिशेब होता.

पुण्यात सत्कार झाला, पेपरात फोटो आला, आणि माझे गुरुवार बंद झाले. पुढं नाशिकला जाताना एसटी आळेफाट्यावर थांबली की मी तोंडासमोर पेपर धरायचो. एकदा शेजारचा प्रवासी म्हणाला, "आजोबा, पेपर उलटा आहे."

गेल्या महिन्यात मात्र मी तिथंच उतरलो. खिशात कबुलीजबाब होता, चार परिच्छेदांचा, शुद्धलेखन तपासलेला. मिस्त्री दारात बसले होते. स्टूल जागेवर होतं. मी कागद वाचून दाखवला. त्यातले दोन रिकामे रकानेही वाचले.

"पेपर समोरच्यानं वाचून दावला व्हता तवाच," मिस्त्री म्हणाले. "वाईट वाटलं. न्हाई कसं वाटंल? दोन रात्री झोप न्हाई आली."

मी कागदाची घडी घातली.

"पर सर, गुरुवारचं यायचं का बंद केलंत?"

मी घडी उलगडून चारही परिच्छेद पुन्हा चाळले.

"पोरं पुण्याला. ही गेली दोन वर्सांमागं. समोरचा आता मोबाइलवर बघून काम करतो, त्याला इचारायला लागत न्हाई. गिऱ्हाईक इचारतं, किती झालं? कवा देता? का केलं आसं, ते तुमच्या मागं कुणी इचारलंच न्हाई." त्यांनी काडेपेटी खिशातून काढून उगीच हलवली. "लई साठलंय, सर. गंजाय लागलंय."

मी स्टुलावर बसलो. कंबरेला ते अजूनही बरोबर बसत होतं.

"वही आणलीय?"

वही नव्हती. मी कबुलीजबाबाचा कागद उलटा केला आणि पेन काढलं. वर आधी त्यांचं पूर्ण नाव लिहिलं. ते मला विचारून घ्यावं लागलं. इतक्या गुरुवारांत मी कधी विचारलंच नव्हतं.

"लिवा," मिस्त्री म्हणाले. "कांदं निवडायचं हाय हे. वरलं अंतर, पाऊण काडी."

मी पाऊण काडी असंच लिहिलं. मिलिमीटर केले नाहीत. मग विचारलं, "पाऊणच का?"

मिस्त्री स्टुलाजवळ सरकले.